दुकानात कुत्रा घेऊन आलेलं गिऱ्हाईक: कुणाला अडवायचं, कुणाला नाही?

न्यू जर्सीत आमच्या ओळखीचे एक कोकणी कुटुंब आहे, मूळचे रत्नागिरीकडचे. किराणा आणि हलाल मटणाचे दुकान चालवतात. गल्ल्यावर कधी भाई बसतात, कधी भाभी, तर सुट्टीच्या दिवशी कॉलेजात जाणारी मुलगी. मागच्या वर्षी रमजानच्या तोंडावर त्यांच्या दुकानात आठवड्याभराच्या अंतराने दोन प्रसंग घडले, आणि दोन्ही वेळा त्यांचा निर्णय चुकला.

पहिल्या वेळी एक बाई आल्या. सामानाच्या ट्रॉलीत, जिथे लहान मूल बसवतात तिथे, त्यांनी एक छोटा केसाळ कुत्रा बसवला होता. भाभींनी नम्रपणे सांगितलं की इथे खाण्याच्या वस्तू आहेत, कुत्रा आत आणू नका. बाईंनी पर्समधून फोटो असलेलं एक कार्ड काढून दाखवलं. त्यावर ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ असं लिहिलेलं. “हा माझ्या मानसिक आधारासाठी आहे. अडवलंत तर केस करीन,” असं त्या म्हणाल्या. भाभी घाबरून गप्प बसल्या. कुत्रा पावाच्या पाकिटांना नाक लावत होता, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत होता. दोन जुनी गिऱ्हाइकं भरलेली टोपली तशीच ठेवून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात चाळिशीचे एक गृहस्थ आले. सोबत मोठा लॅब्राडोर. कुत्रा त्यांच्या पायाला लागून मुकाट्याने चालत होता. अंगावर जाकीट नाही, गळ्यात बिल्ला नाही. आधीच्या प्रसंगाने पोळलेल्या भाभींनी त्यांना दारातच थांबवलं. ते म्हणाले, “हा सर्व्हिस डॉग आहे.” भाभी म्हणाल्या, “कार्ड दाखवा.” त्यांनी सांगितलं की कार्ड नसतं आणि लागतही नाही. भाभींना ते खरं वाटलं नाही. गृहस्थ वाद न घालता निघून गेले. तीन आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली. ते माजी सैनिक होते, आणि तो कुत्रा त्यांना येणारा घबराटीचा झटका आधीच ओळखून सावरायला शिकवलेला होता.

भाभींनी फोनवर आम्हाला विचारलं, “जिच्याकडे कार्ड होतं तिला आत घेतलं, ज्याच्याकडे नव्हतं त्याला अडवलं. मग आमचं चुकलं कुठे?”

चुकलं ते नेमकं त्या कार्डापाशीच. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप, टॅक्सी अशा धंद्यांत आपले कितीतरी लोक आहेत. कायदा काय म्हणतो, आपला दीन काय म्हणतो आणि गल्ल्यावर उभं राहून नेमकं काय करायचं, हे सगळ्यांनाच नीट माहीत असायला हवं, म्हणून हा लेख.

कुत्रे दोन प्रकारचे, कायदाही वेगळा

आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा ही जुनी गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत असे कुत्रे तयार करण्याचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेत १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही संस्था निघाली, ती आज न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला आहे. पुढे बहिऱ्यांसाठी, व्हीलचेअरवरच्या माणसांसाठी, मिरगी येणाऱ्यांसाठी, मधुमेहींसाठीही कुत्रे शिकवले जाऊ लागले. कुणी आवाज झाला की मालकाला सावध करतो, कुणी पडलेली वस्तू उचलून देतो, कुणी रक्तातली साखर घसरली की इशारा देतो.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’. लोक त्याला थोडक्यात एडीए म्हणतात. दुकान, हॉटेल, दवाखाना, सिनेमागृह, म्हणजे जिथे जनतेला मुक्त प्रवेश आहे तिथे अपंग माणसाला अडवता येत नाही. त्याच्यासोबत त्याचा ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ असेल तर त्यालाही अडवता येत नाही. तिथल्या न्याय खात्याने २०१० साली नियम सुधारून सर्व्हिस अ‍ॅनिमलची व्याख्या पक्की केली, आणि मार्च २०११ पासून ती लागू आहे. व्याख्या अशी: अपंग माणसासाठी ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा. मांजर नाही, पोपट नाही, ससा नाही. फक्त शिकवलेल्या छोट्या जातीच्या घोड्यासाठी वेगळी तरतूद आहे.

या व्याख्येतला महत्त्वाचा शब्द ‘काम’ हा आहे. कुत्रा नुसता जवळ असला की जिवाला बरं वाटतं, ही गोष्ट खरी असू शकते, पण कायदा तिला काम मानत नाही. म्हणून ‘इमोशनल सपोर्ट’साठी पाळलेल्या कुत्र्याला एडीएनुसार दुकानात येण्याचा हक्क नाही. मालकाकडे डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मानसिक आजार म्हटला की तो कुत्रा ‘इमोशनल सपोर्ट’चाच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. एखाद्याला घबराटीचे झटके येतात आणि त्याचा कुत्रा झटका येण्याआधी ओळखून त्याला ढोसतो, अंगावर भार देऊन शांत करतो किंवा गर्दीतून बाहेर नेतो. हे शिकवलेलं काम झालं. तो पूर्ण सर्व्हिस डॉग ठरतो, आंधळ्याच्या कुत्र्याइतकाच. भाभींच्या दारातून परत गेलेल्या सैनिकाचा कुत्रा हाच होता.

कार्ड, जाकीट, सर्टिफिकेट

एडीएमध्ये सर्व्हिस डॉगची कुठेही नोंदणी करावी लागत नाही. सरकारी कार्ड नसतं. जाकीट किंवा पट्टा घालणं सक्तीचं नाही. कुत्रा मोठ्या संस्थेतूनच शिकून आला पाहिजे असंही नाही, मालक स्वतः त्याला शिकवू शकतो. इंटरनेटवर पैसे भरले की घरपोच येणारी कार्डं आणि सर्टिफिकेटं यांना कायद्यात काहीच किंमत नाही. कार्ड दाखवलं म्हणून हक्क मिळत नाही आणि कार्ड नाही म्हणून हक्क जात नाही. भाभींनी कार्डालाच कसोटी मानलं, त्यामुळे दोन्ही वेळा उलट झालं.

ही कार्डं एवढी का खपतात, त्यालाही कारण आहे. अमेरिकेत भाड्याच्या घरांचा कायदा वेगळा आहे. ‘कुत्रा-मांजर चालणार नाही’ असा घरमालकाचा नियम असला, तरी मानसिक आजार असलेल्या भाडेकरूला आधारासाठी प्राणी ठेवण्याची सवलत मागता येते. विमानातही पूर्वी असे प्राणी सोबत नेता येत. लोकांनी त्याचा फार गैरफायदा घेतला, तेव्हा वाहतूक खात्याने नियम बदलला. जानेवारी २०२१ पासून इमोशनल सपोर्टच्या प्राण्याला सर्व्हिस डॉगसारखं वागवण्याची सक्ती विमान कंपन्यांवर राहिली नाही. घरासाठी असलेली सवलत दुकानातही चालते, असा समज मात्र पसरून राहिला. काही जण खरंच अजाणतेपणी येतात, काही जाणूनबुजून खोटं सांगतात. कॅलिफोर्नियात पाळीव कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इतर अनेक राज्यांतही असे कायदे झाले आहेत.

गल्ल्यावरच्या माणसाने काय विचारायचं?

फक्त दोन प्रश्न. कुत्रा कशासाठी आहे ते उघड दिसत नसेल, तरच हे विचारायचे:

एक, “अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का?”

दोन, “त्याला कोणतं काम शिकवलं आहे?”

बस्स. तुम्हाला काय आजार आहे, हे विचारता येत नाही. कागद मागता येत नाहीत. ‘करून दाखवा’ म्हणता येत नाही. समोरचा माणूस आंधळा आहे आणि कुत्रा त्याला वाट दाखवतोय, हे दिसत असताना हे दोन प्रश्नही विचारू नयेत.

भाभींनी ट्रॉलीवाल्या बाईंना हे दोन प्रश्न विचारले असते तर? बहुधा त्यांनी सांगितलं असतं, “काम असं काही नाही, तो जवळ असला की मला बरं वाटतं.” मग भाभींना शांतपणे म्हणता आलं असतं, “ताई, तुम्ही खुशाल या, पण कुत्रा बाहेर ठेवावा लागेल. नाहीतर काय हवं ते सांगा, आम्ही बाहेर आणून देतो.” सैनिकाला विचारलं असतं, तर त्यांनी एका वाक्यात काम सांगितलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

समोरचा सराईतपणे खोटं बोलला तर? तर त्याचा शब्द मानून घ्यावा लागतो. पण दुकानदार अगदीच हतबल नाही. कुत्रा ताब्यात नसेल, सारखा भुंकत असेल, लोकांच्या अंगावर जात असेल आणि मालक आवरत नसेल, किंवा त्याने दुकानात घाण केली असेल, तर खरा सर्व्हिस डॉग असला तरी बाहेर न्यायला सांगता येतं. मात्र माणसाला हाकलायचं नाही. कुत्र्याशिवाय येऊन खरेदी करण्याची संधी त्याला द्यावीच लागते. ट्रॉलीत कुत्रा बसवू देण्याचीही सक्ती नाही. सर्व्हिस डॉग जमिनीवर चालतो किंवा मालक त्याला उचलून घेतो.

खाण्यापिण्याच्या दुकानाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आरोग्य खात्याचे नियम किराणा दुकानात आणि हॉटेलात एरवी जनावर येऊ देत नाहीत. पण सर्व्हिस डॉगला तिथेही मुभा आहे. गिऱ्हाईक जिथवर जाऊ शकतं तिथवर कुत्रा जाऊ शकतो. मटण कापण्याची खोली, स्वयंपाकघर, मागची कोठी, मागे नमाजसाठी सतरंजी अंथरलेला कोपरा इथे गिऱ्हाइकालाच प्रवेश नसतो, तेव्हा कुत्र्यालाही नाही. पुष्कळ जणांची काळजी एवढ्यानेच मिटावी.

‘मला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे’, ‘मला भीती वाटते’ ही कारणं अडवायला चालत नाहीत. दोघांनाही सोय होईल अशी थोडी लांबची जागा द्यावी, एवढंच. ‘आमच्या धर्मात कुत्रा चालत नाही’ असं म्हणूनही दुकानदाराची या कायद्यातून सुटका होत नाही. प्रकरण न्याय खात्याने कोर्टात नेलं, तर पहिल्याच चुकीला पाऊण लाख डॉलरच्याही वर दंड होऊ शकतो. राज्याचे कायदे त्याखेरीज असतात, आणि काही ठिकाणी ते एडीएपेक्षा उदार असतात. म्हणून आपल्या राज्याचा नियम एकदा जाणकाराकडून समजून घ्यावा. न्याय खात्याची मोफत माहिती देणारी फोनसेवाही आहे.

ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे. तिथेही शिकवलेल्या ‘असिस्टन्स डॉग’ला हक्क आहे, नुसत्या भावनिक आधाराच्या कुत्र्याला नाही. टॅक्सीचालकाने असिस्टन्स डॉगसह आलेल्या प्रवाशाला नाकारलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सूट फक्त वैद्यकीय कारणाने मिळते, तीही आधीच रीतसर दाखला काढलेला असेल तर. धर्माच्या कारणाने सूट नाही.

दीन काय सांगतो?

आता खरा अडसर. आपल्या मनात कुत्रा म्हटलं की तहारतचा विचार आधी येतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट माहितीवर तो नको तितका ताठर होतो.

कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई मसलकचे, तर घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुतांश हनफी. शाफई मसलकमध्ये कुत्रा पूर्ण नापाक मानला जातो. ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा, त्यातली एकदा मातीने, धुवावी लागते. पण त्याच मसलकमध्ये हेही स्पष्ट आहे की कुत्रा कोरडा, कपडाही कोरडा, तर नुसत्या स्पर्शाने नापाकी लागत नाही. हनफी उलेमांच्या प्रचलित मतानुसार लाळ नापाक आहे, कोरडं अंग किंवा केस लागल्याने कपडा नापाक होत नाही. मालिकी मसलक तर जिवंत कुत्र्याला पाक मानतो. म्हणजे दुकानाच्या फरशीवरून एक कोरडा कुत्रा मालकाच्या पायाशी चालत गेला, तर कोणत्याही मसलकमध्ये दुकानदाराची नमाज धोक्यात येत नाही. कुठे लाळ सांडली तर धुवायची, जशी दुसरी कुठलीही घाण आपण धुतो. आणि लक्षात घ्या, कायदा तुम्हाला कुत्र्याला हात लावायला, भरवायला किंवा सांभाळायला सांगत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी मालकाची.

हौस म्हणून घरात कुत्रा पाळू नये, हे हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. पण शिकार, गुरं राखणं आणि शेती या कामांसाठी हदीसमध्येच मुभा आहे. पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी प्राण्याने धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि सूरह कहफमध्ये गुहेतल्या त्या तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आंधळ्याचा हात धरणारा कुत्रा हा हौसेचा नव्हे, गरजेचा. बऱ्याच उलेमांनी त्याला याच मुभेत बसवलं आहे. अधिक बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत.

ब्रिटनमध्ये तर हे प्रत्यक्षात घडून गेलंय. २००८ साली लेस्टर शहरात एका दृष्टिहीन मुस्लिम तरुणाला मशिदीत जायचं होतं, आणि त्याच्यासोबत गाइड डॉग होता. तिथल्या शरियत कौन्सिलने गरज ओळखून परवानगीचा फतवा दिला. कुत्रा नमाजच्या मुख्य दालनात न्यायचा नाही, त्याच्यासाठी वेगळी जागा करायची, असं ठरलं. मशिदीचं पावित्र्य राहिलं आणि तरुणाची जमातही चुकली नाही. खरं तर अमेरिकेत धर्मस्थळांना एडीएचे हे नियम लागू नाहीत. तिथे मशिदीच्या दारातल्या कुत्र्याचा निर्णय कायदा घेत नाही, आपण घेतो. म्हणून तिथे तर आपली जबाबदारी जास्त.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिस विमानतळावर २००६-०७ च्या सुमारास काही मुस्लिम टॅक्सीचालकांनी दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या प्रवाशांना नकार दिला. काहींनी गाइड डॉगसह आलेल्यांनाही नाकारल्याच्या तक्रारी झाल्या. विमानतळ प्राधिकरणाने नियम कडक केले. भाडं नाकारलं तर पहिल्या वेळी तीस दिवस परवाना बंद, दुसऱ्या वेळी दोन वर्षं रद्द. दारूचा प्रश्न वेगळा होता, त्यावर मतभेद असू शकतात. पण आंधळ्या माणसाला रस्त्यात उभं ठेवणं आणि दारूची बाटली नाकारणं, या दोन गोष्टी एका पारड्यात गेल्या आणि आपली बाजू लंगडी पडली.

आपल्याही घरात

आणखी एक गोष्ट बोलून दाखवतो. अपंग म्हणजे कुणी दुसरेच, असं आपल्याला वाटतं. पण मधुमेहाने नजर गेलेले चाचा आपल्याच मोहल्ल्यात आहेत. ऑटिझम असलेलं मूल आपल्याच नात्यात आहे. घबराटीचे झटके येणारी सून ‘हिला नजर लागलीय’ म्हणत झाकून ठेवलेली असते, तीही आपल्याच घरात. परदेशातल्या एखाद्या डॉक्टरने उद्या यांच्यापैकी कुणाला सर्व्हिस डॉग सुचवला, तर आपल्याच दुकानाच्या दारात त्यांना कसं वागवलं जाईल?

ज्यांना केवळ भावनिक आधारासाठी कुत्रा लागतो, त्यांचीही टर उडवू नये. एकटेपणा, दुःख, धास्ती हे आजार खरे आहेत. हक्क नाही म्हणून माणुसकी नाही, असं थोडंच आहे? कुत्रा बाहेर ठेवायला सांगणं आणि माणसाचा अपमान करणं, यात फरक आहे.

आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाने वकिलाच्या सल्ल्याने सैनिकाची लेखी माफी मागितली, थोडी भरपाई दिली आणि प्रकरण कोर्टात न जाता मिटलं. आता दारावर पाटी आहे: पाळीव प्राणी आणू नयेत, सर्व्हिस डॉगचं स्वागत आहे. गल्ल्याजवळ मुलीने दोन प्रश्न इंग्रजीत लिहून चिकटवले आहेत, म्हणजे कोणीही बसलं तरी तेच विचारेल. पोछा आणि बादली मागे तयार असते. भाभी म्हणाल्या, “दोन वाक्यं माहीत असती, तर तो माणूस रमजानच्या महिन्यात आमच्या दारातून दुखावून गेला नसता. पैसे गेले त्याचं काही नाही, ते मनाला लागलंय.”

तुमचे कुणी भाऊ, मेव्हणे, जावई परदेशात दुकानावर किंवा टॅक्सीवर असतील, तर हे दोन प्रश्न त्यांना आजच पाठवा. अल्लाह आपल्या कारभारात इन्साफ देवो आणि आपल्या दारातून कुणी गरजू माघारी न जावो. आमीन.